‘घर सांभाळून’

मार्चच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत एक शाल, एक श्रीफळ आणि एक ‘कर्तृत्ववान महिला’ यांची जमवाजमव सुरू होते. आमचे महाविद्यालय त्याला अपवाद नाही. मराठी विभागात आम्ही तिघे शिकवतो, दोन बाया आणि एक पुरुष. वक्ता शोधणे, सूत्रसंचालन करणे आणि नंतर वार्षिक अंकासाठी वृत्तांत लिहिणे ही कामे परंपरेने मराठीवाल्यांच्याच गळ्यात पडतात. दोन वर्षांपूर्वीच्या ८ मार्चला आम्ही आमच्याच गावातल्या एका ऑफसेट प्रेसच्या मालकांना बोलावले. त्यांच्याकडे डीटीपीपासून बायंडिंगपर्यंत चौदा माणसे कामाला आहेत. आमचा वार्षिक अंकही त्याच छापतात.

परिचय आमच्यापैकी एकाने करून दिला. कोणी, ते इथे महत्त्वाचे नाही, कारण मजकूर तिघांनी मिळून लिहिला होता. ‘घर सांभाळून, मुलांच्या शिक्षणात कुठेही कमी पडू न देता’ त्यांनी हा व्याप उभा केला, असे त्यात होते. त्या बोलायला उठल्या आणि वीस मिनिटे कागदाबद्दल बोलल्या. मॅपलिथोचा भाव वर्षभरात कसा हलला, सत्तर जीएसएम मागणाऱ्याला साठ जीएसएम कसा खपवला जातो, फर्मा सोळा पानांचा का धरावा, चार रंगांच्या कामात एक प्लेट चुकली की किती रिमांचे वाटोळे होते, शाळा-महाविद्यालयांकडून येणी वसूल व्हायला किती महिने लागतात. शेवटच्या मुद्द्याला प्राचार्यांसकट सगळे हसले. मग प्रश्नोत्तरे झाली. पहिला प्रश्न एका विद्यार्थिनीचा होता, ‘एवढे सगळे करताना घरचा पाठिंबा कसा मिळाला?’

वृत्तांत आम्ही लिहिला. त्यात कागद नव्हता. त्यात एक अवतरण होते : ‘घर सांभाळूनही स्त्री उद्योगात भरारी घेऊ शकते, असे त्या म्हणाल्या.’ अंकाची मुद्रिते त्यांच्याच प्रेसमधून आली. त्या वाक्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता आणि समासात बारीक अक्षरात लिहिले होते, ‘हे मी बोललेले नाही.’

लज्जेची गोष्ट पुढे आहे. आम्ही ते वाक्य काढले नाही. पान लागले होते, अंक आधीच लांबला होता, आणि आमच्या मते त्यात अवमानकारक असे काही नव्हतेच. त्यांनी जे म्हटलेले नव्हते ते त्यांनीच छापले, घडी घातली, सेंटर पिन मारली आणि पाचशे प्रती महाविद्यालयात पोचवल्या. अंकाच्या शेवटच्या पानावर मुद्रक म्हणून त्यांचे नाव व पत्ता आहेच. ती रीत १८६७ च्या कायद्याने पडलेली. म्हणजे त्या कोण आहेत हे दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी अमलातल्या कायद्याला नीट सांगता येत होते. मराठी विभागाला येत नव्हते.

प्रस्तुत लेख या एका शब्दप्रयोगाविरुद्ध आहे. तो प्रथम आमच्याविरुद्ध आहे, आणि आमच्यासारख्या सगळ्यांविरुद्ध, कारण हा शब्दप्रयोग बाजारातून आमच्याकडे आलेला नाही. तो आम्ही, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांनी, प्रस्तावनांतून, परिचयांतून, निबंधांतून आणि प्रश्नपत्रिकांतून पिकवला आहे.

आधी भाषेचा विचार करू. प्रेसमध्ये शाई विकणारा, यंत्र दुरुस्त करणारा, लग्नपत्रिका छापायला आलेला, जो तो त्यांना विचारतो, ‘मालक आहेत का?’ मराठीत या प्रश्नाची गंमत अशी की बाईने ‘आमचे मालक’ म्हटले की अर्थ नवरा असाच होतो. ‘धनी’ म्हणजे नवरा. ‘कारभारी’ म्हणजेही नवराच. आपल्या भाषेने दांपत्याची जवळजवळ सगळी जुनी शब्दसंपदा मालमत्तेच्या आणि कारभाराच्या दप्तरातून उचललेली आहे. उलट दिशेने पाहावे तर ‘मालकीण’ म्हणजे मालकाची बायको, ‘कारभारीण’ म्हणजे घरची बायको, ‘पाटलीण’ आणि ‘सावकारीण’ म्हणजे त्या त्या इसमाच्या बायका. ‘-ईण’ हा प्रत्यय स्त्रीत्व दाखवतो असे आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो. तो बहुतेक वेळा नाते दाखवतो हे सांगत नाही. तेलीण घाण्यावर बसत होती आणि माळीण वाफे खुरपत होती, तरी शब्दाने त्यांची ओळख जातीची आणि नवऱ्याची म्हणूनच करून दिली. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या व्याकरणापासून आजच्या मार्गदर्शिकांपर्यंत लिंगविचार पुष्कळ झाला आहे. या रिकाम्या जागेवर वर्गात अर्धा तास खर्च करावा, असे मात्र आम्हांला वीस वर्षांत एकदाही वाटले नाही.

यावर ‘उद्योजिका’ हा तोडगा आहे असे कुणी म्हणेल. तो शब्द वर्तमानपत्राच्या पुरवणीत आणि पुरस्काराच्या मानपत्रावर राहतो. गल्ल्यापलीकडून कुणी ‘अहो उद्योजिका’ अशी हाक मारत नाही. तिथे हाक येते ती ‘मावशी’, ‘ताई’, ‘काकू’.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, ज्यांच्याबद्दल आम्हांला आदर आहे, या मुद्द्यावर आम्हांला हटकले. त्यांचे म्हणणे, नात्याने हाक मारणे ही मराठीची माया आहे. तिच्यातही अन्याय शोधणे म्हणजे पाश्चात्य चष्मा लावणे. आमचे उत्तर चष्म्याचे नाही, गल्ल्याचे आहे. पानटपरी चालवणारा पुरुष ‘शेठ’ होतो. चौदा माणसांना पगार देणारी बाई ‘मावशी’ राहते. शेठकडे उधारी मागताना माणूस जरा अदबीने बोलतो. मावशीला ‘मावशी, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणता येते. मावशीने तगादा लावला तर ती मावशीच्या भूमिकेतून च्युत होते आणि तिला लागलीच दुसरे विशेषण मिळते. त्या भीतीपोटी ती तगादा लावत नाही. माया असेल, पण या मायेत बाईचे पैसे अडकतात.

आणि जी बाई मावशी व्हायचे नाकारते तिच्यासाठीही भाषेची सोय तयार आहे. मुंबईच्या बाजारांतल्या कोळणी पिढ्यान् पिढ्या स्वतःचा धंदा करत आल्या. मासळी धरणे पुरुषांचे. विकणे, भाव ठरवणे आणि पैसा राखणे बायकांचे. एवढी स्वच्छ व्यावसायिक व्यवस्था डोळ्यांपुढे असताना पांढरपेशा मराठीने तिच्यातून काय घेतले? कोळणीचे तोंड. गिऱ्हाइकाशी घासाघीस करणारा पुरुष व्यवहारी ठरतो आणि कोळीण तोंडाळ. विनोदी लेखनात ती हमखास येते, कमरेवर हात ठेवूनच येते.

आता साहित्याकडे. इथे आमचा अपराध अधिक स्पष्ट आहे, कारण हे आमचे क्षेत्र.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली ग्रंथरूपाने आले. आम्ही ते अनेक वर्षे शिकवले. दलित स्त्रीची दुहेरी वेदना, सासुरवास, आंबेडकरी चळवळीने आलेले आत्मभान, आत्मकथनातला ‘आम्ही’ हा सामूहिक स्वर, सगळे रीतसर शिकवले. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला, त्याला बेबीताईंची दीर्घ मुलाखत जोडलेली आहे. ती आम्ही उशिरा वाचली. फलटणला त्या दुकान चालवत होत्या. सुरुवात सुट्या द्राक्षांच्या विक्रीने झाली, पुढे त्यातूनच किराणा मालाचे छोटे दुकान उभे राहिले. गल्ल्यावर बसल्या बसल्या, माल बांधायला आलेल्या रद्दी कागदांवरचा मजकूर त्या वाचत. त्याच दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून, त्यांनी लिहिले. वह्या कित्येक वर्षे दडवून ठेवल्या.

म्हणजे मराठीतले एक अव्वल आत्मकथन एका दुकानदार बाईने दुकानात बसून लिहिले. दुकान नसते तर ते कागद हाती आले नसते, आणि दिवसाकाठी जी थोडी निवांत घटका त्यांना मिळाली तीही मिळाली नसती. स्वतःची खोली हवी, असे इंग्रजी साहित्याच्या तासाला सांगतात. इथे खोली नव्हती, गल्ला होता. आम्ही मात्र प्रश्न काढत राहिलो, ‘जिणं आमुचं’मधील स्त्रीवेदनेचे स्वरूप स्पष्ट करा. दलित वस्तीत एका महार बाईने दुकान मांडणे याचा अर्थ काय, तिच्याकडून माल कोण घेत असेल, उधारी कोण बुडवत असेल, हा प्रश्न आमच्या विषयपत्रिकेत कधी बसलाच नाही. गुण वेदनेला होते.

दुसरे उदाहरण विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. त्यांच्याबद्दल कुठल्याही विद्यार्थ्याला एक गोष्ट हमखास ठाऊक असते : तमाशा रंगात असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना आमचाही गळा दाटून येतो. पण विठाबाई फडाच्या मालक होत्या. तमाशाचा फड म्हणजे काय याची वाचकांना कल्पना असावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. दसऱ्याला हंगाम उघडतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. हंगामाआधी कलावंतांना, वाजवणाऱ्यांना, बिगाऱ्यांना उचल द्यावी लागते. ती बहुधा व्याजाने काढलेल्या पैशातून दिली जाते. तंबू, कनाती, ट्रक, जनरेटर, डिझेल, रोजची दोन वेळची पंगत. यात्रेच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावची मंडळी नारायणगावच्या राहुट्यांवर येतात, तिथे बिदागीवरून घासाघीस होते. अवकाळी पाऊस आला की एक रात्र बुडते आणि व्याज चालूच राहते. हे सगळे ज्या बाईने डोक्यावर वागवले, तिच्या आयुष्यातून आम्ही उचलले ते एक बाळंतपण. २००२ साली त्या हलाखीत गेल्या तेव्हा ‘उपेक्षित कलावंत’ म्हणून हळहळलो. फड कर्जात का जातात, त्या कर्जाचे कागद कुणाच्या नावे असतात आणि फडमालक बाईला बँक का उभी करत नाही, असे विचारले असते तर हळहळीला काही कामाचे वळण लागले असते.

कांताबाई सातारकरांचेही तसेच. तुकाराम खेडकर गेल्यानंतर त्यांनी स्वतःचा फड उभा केला आणि वगात पुरुषांच्या भूमिका गाजवल्या. २०२१ साली त्या गेल्या तेव्हाच्या मृत्युलेखांत पुरुषभूमिकांचे कौतुक मनापासून होते. बोर्डावर बाई छत्रपती झालेली आम्हांला चालते. बोर्डामागे ती मालक झालेली आमच्या दृष्टीस पडत नाही, एवढाच मुद्दा.

खानावळीविषयी तर बोलायलाच नको. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया हा मुंबईच्या वस्त्रोद्योगाचा न मोजलेला आधार होता. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १९८२ च्या संपात कामगाराची मजुरी थांबली आणि त्याबरोबर खानावळीचे महिन्याचे पैसेही थांबले. तरी कित्येकींनी ताटे वाढणे थांबवले नाही. संपाचे साहित्य मराठीत आहे, चांगले आहे. त्यात गिरणीचे भोंगे आहेत, युनियन आहे, बेकार झालेली तरुण पोरे आहेत. खानावळवाली पार्श्वभूमीला पोळ्या लाटते. तिची वही, जिच्यात संपकऱ्यांच्या नावापुढे आकडे चढत गेले, ती कुणाच्या कथेचा विषय झालेली आमच्या वाचनात नाही. मध्यमवर्गीय विनोदाने खानावळीला पातळ आमटी दिली, बस्स.

इथे आमच्या स्त्रीवादी मैत्रिणींचा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. त्या म्हणतात, तुम्ही बाईच्या हाती हिशेबाची वही देऊन नव्या बाजारपेठेची आरती ओवाळत आहात. ‘उद्योजिका बना’ हा नारा शासनाने नोकऱ्या देण्याचे सोडल्यानंतरचा आहे. त्यात बरेच तथ्य आहे. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशातल्या एकूण आस्थापनांपैकी स्त्रियांच्या मालकीची होती १३.७६ टक्के, म्हणजे सुमारे ८० लाख. त्यांतल्या ८३ टक्क्यांहून अधिक ठिकाणी एकही पगारी माणूस नव्हता, आणि सुमारे ७९ टक्के स्वतःच्याच पैशावर उभ्या होत्या. ही भरारी नव्हे. ही बहुतांशी दुसरा मार्ग नाही म्हणून केलेली कष्टाची कमाई आहे. पण नेमके म्हणूनच आमचे भांडण आहे. वेदनेची भाषा आणि भरारीची भाषा या दोन्हींत हा आकडा मावत नाही. एक भाषा बाईला सोसणारी करते, दुसरी पंख लावते, आणि दोघींनाही तिला कर्ज कुणी नाकारले हे विचारायचे सुचत नाही.

कर्जाची भाषाही एकदा पाहण्याजोगी आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत कर्जाचे गट केले आणि त्यांना नावे दिली शिशु, किशोर, तरुण. पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज ते शिशु. आजवरच्या एकूण खात्यांत शिशु गटाचीच खाती सर्वाधिक आहेत आणि निम्म्याहून अधिक कर्जदार स्त्रिया आहेत. साठीची बाई चाळीस हजार घेऊन शिवणयंत्र मांडते आणि कागदावर शिशु ठरते. नावे ठेवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते हे आम्ही मानतो. आमच्याही मनात वृत्तांत लिहिताना नव्हते.

‘गृहउद्योग’ हा शब्द तर आम्ही आदराने वापरतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड झाले. त्याची मोठी गोष्ट अशी की तिथे काम करणारी प्रत्येक सभासद भागीदार असते आणि पुरुषाला नोकरी मिळते, सभासदत्व नाही. मालकीचा इतका वेगळा आणि टिकलेला प्रयोग देशात थोडाच असेल. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली ती २०२१ साली, बासष्ट वर्षांनी. पण निबंधात विद्यार्थी काय लिहितात? ‘घरबसल्या, फावल्या वेळात.’ मालकीचा प्रयोग गेला, फावला वेळ उरला. पहाटे जाऊन भिजवलेले पीठ आणायचे, लाटून, वाळवून, वजन करून दुसऱ्या दिवशी परत द्यायचे, याला जी मराठी भाषा फावला वेळ म्हणते ती आम्हीच शिकवलेली आहे. पुरुषाचा कारखाना घराच्या ओसरीवर असला तरी तो कारखाना. बाईचा कारखाना औद्योगिक वसाहतीत असला तरी त्याच्यामागे घर चिकटवले जाते.

म्हसवडची हकिगत सांगतो, कारण ती आम्हांला आमच्या पेशामुळे झोंबते. चेतना गाला सिन्हा आणि माणदेशातल्या बायांनी महिला सहकारी बँकेसाठी अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. प्रवर्तक बायांना लिहितावाचता येत नाही हे कारण. बाया साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्या. या वेळी त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, वाचता येत नसेल, पण व्याज तोंडी सांगतो. तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढता येते का बघा. १९९७ साली माणदेशी बँक सुरू झाली. आमच्या विद्यापीठीय मराठीत या क्षमतेला नाव नाही. ‘निरक्षर’ हा एकच शब्द आहे आणि तो अभावाचा आहे.

असो. प्रेसच्या मालकांकडे परत जाऊ. अंक निघाल्यानंतर चार-पाच महिन्यांनी आम्ही तिघे त्यांच्याकडे गेलो, माफी मागायला म्हणून. त्या यंत्रापाशी होत्या, रंग जुळत नव्हता. आम्हांला बसायला सांगून पाऊण तास आल्या नाहीत. आमचे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, वाक्याचे एवढे मनावर घेऊ नका, अशी वाक्ये मी रोज छापते. मग आपणहून एक गोष्ट सांगितली. दुसरे यंत्र घेताना बँकेने नवऱ्याची जामीनकी मागितली. नवऱ्याचे कापडाचे दुकान आहे, त्याने त्याच शाखेतून कर्ज घेतले तेव्हा त्यांची सही कुणी मागितली नव्हती. ‘ते भांडण मी वर्षभर भांडले आणि हरले. त्या दिवशी तुमच्याकडे तेच सांगायचे होते. पण परिचय ऐकला आणि म्हटले, इथे नको. कागदाबद्दल बोलू.’

आम्ही उठता उठता त्यांनी विचारले, मागच्या दोन अंकांची बिले कुठवर आली आहेत. आम्हांला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी लेखाविभागात चौकशी केली तेव्हा कळले, पहिले बिल ज्या दिवशी आम्ही त्यांना शाल घातली त्या दिवशीही थकलेलेच होते. लिपिक भला माणूस आहे. तो म्हणाला, ‘ताईंना सांगा ना सर, पुढच्या महिन्यात नक्की. त्या काही म्हणायच्या नाहीत.’

यंदाच्या अंकाचा मजकूर गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे दिला. त्यात पहिल्या पानावर दोन ओळींची चूकदुरुस्ती आहे. पहिले बिल चुकते झाले आहे. दुसऱ्यावर प्राचार्यांची सही झालेली असून धनादेश निघायचा आहे, आणि त्यासाठी आम्ही तिघे आता दर सोमवारी लेखाविभागात जाऊन बसतो.